जुना पासवर्ड सांगता आला नाही, ते चांगलेच

शंका : शिष्यवृत्तीच्या अर्जाचा पासवर्ड विसरले. हेल्पलाइनवर विचारले तर म्हणाले, "आम्हाला दिसत नाही, नवीन तयार करा." त्यांच्याच यंत्रणेत असून त्यांना दिसत नाही, हे कसे? (एक विद्यार्थिनी, रिसोड)

समाधान : ते खरे बोलले. नीट बांधलेल्या यंत्रणेत तुझा पासवर्ड साठवलेलाच नसतो. तू टाइप केलेली अक्षरे एका गणिती प्रक्रियेतून जातात आणि त्यातून निघालेली लांबलचक ओळ, म्हणजे हॅश, तेवढी ठेवली जाते. पुढच्या वेळी पासवर्ड टाकलास की पुन्हा तीच प्रक्रिया होते आणि दोन ओळी जुळतात का ते तपासले जाते. पीठ दळून झाल्यावर त्यातून ज्वारीचा दाणा परत मिळत नाही, तसा हॅशवरून पासवर्ड उलटा काढता येत नाही. चोराला एकच मार्ग उरतो : अंदाज करून एकेक शब्द त्याच प्रक्रियेतून काढून बघायचा. म्हणूनच '१२३४५६' किंवा स्वतःचा मोबाइल नंबर हा पासवर्ड ठेवू नकोस.

कंपन्यांनी पासवर्ड साठवावेत का, याला माझे उत्तर साफ 'नाही' आहे. ओळख पटवण्यासाठी त्यांना तो माहीत असण्याची गरजच नाही. रॉकयू या अमेरिकी कंपनीने ३ कोटी २० लाख पासवर्ड जसेच्या तसे ठेवले होते. २००९ मध्ये ते सगळे चोरांच्या हाती गेले. लिंक्डइनने हॅश केले होते, पण प्रत्येक खात्यासाठी वेगळी अक्षरे मिसळली नव्हती. त्यामुळे सारख्या पासवर्डांचे हॅशही सारखेच निघाले आणि २०१२ च्या चोरीनंतर एक उलगडला की त्याच्यासारखे सगळे उलगडले. फेसबुकमध्ये तर कोट्यवधी पासवर्ड कर्मचाऱ्यांना वाचता येतील असे पडून होते. मार्च २०१९ मध्ये कंपनीने ते मान्य केले आणि सप्टेंबर २०२४ मध्ये आयर्लंडच्या नियामकाने फेसबुकची मालक कंपनी असलेल्या मेटाला ९ कोटी १० लाख युरोंचा दंड ठोठावला. पैसा आणि इंजिनिअर दोन्ही भरपूर असलेल्या ठिकाणी हे घडले, याचा मला आजही संताप येतो.

तू एवढे लक्षात ठेव : 'पासवर्ड विसरलो' दाबल्यावर एखाद्या संस्थेने तुझा जुनाच पासवर्ड मेसेजने पाठवला, तर तो तिथे वाचता येईल असा ठेवलेला आहे. तोच पासवर्ड आणखी कुठे वापरला असेल तर त्याच दिवशी बदल.

शंका : पीक विमा, महाडीबीटी, फार्मर आयडी सगळे गावातल्या केंद्रावरच करतो. केंद्रवाल्या भाऊंनी आमचे पासवर्ड रजिस्टरमध्ये लिहून ठेवलेत. माणूस ओळखीचा आहे. तरी काही धोका आहे का? (एक सोयाबीन उत्पादक, रिठद, ता. रिसोड)

समाधान : आहे, आणि भाऊंच्या नियतीवर शंका न घेताही आहे. त्या रजिस्टरमध्ये अख्ख्या गावाचे पासवर्ड, शेजारच्या फाइलमध्ये आधारच्या झेरॉक्स, सातबारा, बँक पासबुकाचे पहिले पान. कॉम्प्युटरवर रोज बसणारा मुलगा उद्या बदलेल, रजिस्टर रद्दीत जाईल. मोठ्या कंपनीला आपण जे करू नको म्हणतो, तेच इथे काउंटरवर घडते आहे. एक रुपयातल्या पीक विमा योजनेत सरकारी आणि देवस्थानांच्या जमिनींवरही बोगस अर्ज भरले गेल्याचे उघड झाले, सेवा केंद्रांवर कारवाई झाली, हे तुम्ही वाचलेच असेल. कागद एकदा दुसऱ्याकडे राहिला की त्याचे पुढे काय होते यावर आपला ताबा उरत नाही.

मग करायचे काय? पासवर्ड तुमच्या घरच्या वहीत लिहा; घरच्या कपाटातली वही मला काउंटरवरच्या रजिस्टरपेक्षा कितीतरी बरी वाटते. केंद्रावर तो स्वतः टाका, जमत नसेल तर घरातल्या शिकलेल्या पोराला किंवा पोरीला सोबत न्या. ओटीपी कोणत्या कामाचा आहे ते मेसेजमध्ये वाचून घ्या, मगच सांगा. भाऊंनी अर्ज क्रमांक आणि पावती ठेवली तर पुरे. नुसती ओळख दाखवायची असेल तिथे शेवटचे ४ अंकच दिसणारे 'मास्क्ड आधार' द्या. अंगठ्याने पैसे काढण्याचा गैरवापर टाळायला आधारच्या अ‍ॅपमधून बायोमेट्रिक लॉक करता येते. मात्र रेशनला अंगठा द्यायच्या आधी ते उघडावे लागेल. दुसऱ्याचा पासवर्ड अप्रामाणिकपणे वापरणे हा माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६६ सी खाली गुन्हा आहे. ३ वर्षांपर्यंत कैद आणि १ लाखापर्यंत दंड होऊ शकतो. पैसे गेले तर लगेच १९३० वर फोन करा.

शंका : ग्राहकांची माहिती साठवली नाही तर कंपन्यांचा धंदा कसा चालेल? (एक कापड व्यापारी, रिसोड)

समाधान : चालतो, हे सिद्ध झाले आहे. पूर्वी ऑनलाइन दुकाने ग्राहकाच्या कार्डाचा पूर्ण नंबर ठेवत. रिझर्व्ह बँकेने ते बंद केले. १ ऑक्टोबर २०२२ पासून त्या जागी फक्त टोकन, म्हणजे खऱ्या नंबराऐवजी वापरायचा सांकेतिक नंबर, ठेवता येते. विक्री थांबली नाही. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याची दिशाही हीच : संमतीने घ्या, कामापुरते घ्या, काम संपले की पुसा. सुरक्षेत कसूर झाली तर दंड २५० कोटींपर्यंत जाऊ शकतो. नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले आणि मुख्य बंधनांना दीड वर्षाची मुदत दिली गेली. ती मुदत मला लांब वाटते. तुमच्यापुरते सांगायचे तर बिलासाठी मोबाइल नंबर सक्तीने मागू नका, आणि उधारीच्या वहीतल्या पानाचा फोटो व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकू नका.