कामगाराचा तिसरा हात

लोहाराची ऐरण सर्वांच्या परिचयाची असते. सुताराचा रंधाही मुलांनी पाहिलेला असतो. परंतु यंत्रशाळेतील एका साधनाकडे सहसा कोणाचे लक्ष जात नाही. ते स्वतः काही कापीत नाही, ठोकीत नाही, की घाशीत नाही. बाकाच्या कडेला घट्ट बसून ते केवळ धरून ठेवते. या साधनास व्हाइस असे म्हणतात. फिटरच्या एका हातात कानशीची मूठ असते, दुसऱ्या हातात तिचे टोक. मग लोखंडाचा तुकडा कोणी धरावयाचा? तो व्हाइस धरतो. म्हणून त्यास कामगाराचा तिसरा हात म्हटले, तर वावगे होणार नाही.

व्हाइसची रचना साधी असते. त्याला दोन जबडे असतात. एक बाकाशी पक्का जखडलेला, तर दुसरा मागेपुढे सरकणारा. सरकत्या जबड्यातून एक जाड मळसूत्र आत जाते आणि पोटातील नटात फिरते. दांडा फिरविला की जबडे मिटतात. समजा, दांड्याचे टोक मळसूत्राच्या मध्यापासून ३० सेंटिमीटर अंतरावर आहे. एका पूर्ण फेऱ्यात हात सुमारे १८८ सेंटिमीटर चालतो. तेवढ्या वेळात जबडा मात्र अर्धा सेंटिमीटरच पुढे सरकतो. या हिशेबाने हाताचा जोर सुमारे ३७५ पट वाढावयास हवा. प्रत्यक्षात त्यातील बराच भाग घर्षणात खर्ची पडतो. तरीही उरलेला जोर लोखंडास जागचे हलू देत नाही. शिवाय ते घर्षणही वाया जात नाही. दांडा सोडून दिला तरी मळसूत्र आपोआप उलटे फिरत नाही, ते त्या घर्षणामुळेच.

पुण्याच्या परिसरात या साधनाची परंपरा जुनी आहे. खडकी येथे १८६९ साली दारूगोळ्याचा कारखाना निघाला. १९४६ साली स्थापन झालेल्या किर्लोस्कर ऑइल इंजिन्स या कंपनीने खडकीतच इंजिने बनविली. १९६२ साली महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ अस्तित्वात आले आणि पिंपरी-चिंचवडच्या माळावर कारखान्यांची दाटी झाली. जेथे फिटर, तेथे व्हाइस हा असावयाचाच. फिटरचे काम शिकणाऱ्या मुलाचा हात प्रथम व्हाइससमोर उभे राहूनच कानशीवर बसतो. व्हाइसचे जबडे उभ्या माणसाच्या कोपराच्या उंचीवर असावेत, हा त्याचा पहिला धडा.

या कारखान्यांच्या पश्चिमेस, मुळशी तालुक्यात, हिंजवडी हे गाव आहे. एके काळी तेथे शेती होती. आता तेथे माहिती तंत्रज्ञानाची मोठी वसाहत उभी आहे. दिवसभर संगणकासमोर बसणाऱ्या माणसालाही सुटीच्या दिवशी हातांनी काही करावे, असे वाटते. अशा हौशी माणसाची पावले पुण्याच्या जुन्या बाजाराकडे वळतात. मंगळवार पेठेच्या बाजूस हा बाजार बुधवारी व रविवारी भरत आला आहे. तेथे कुलपे, पाने, हातोडे यांच्या ढिगात एखादा गंजलेला व्हाइसही पडलेला असतो. त्याला गिऱ्हाईक मिळाले नाही, तर तो भंगार म्हणून किलोच्या भावाने विकला जातो. मग भट्टीत वितळून त्याचे दुसरेच काही होते. अनेक वर्षे कामगारांच्या हाताखाली राबलेले साधन असे एका दिवसात नाहीसे होते.

जुन्या व्हाइसच्या अंगावर बहुधा उठावाची अक्षरे असतात. ती वाचली की त्याचे गाव कळते. इंग्लंडमधील शेफील्डचा ‘रेकॉर्ड’ व अमेरिकेतील मेरिडनचा ‘पार्कर’ ही नावे प्रसिद्ध आहेत. अमेरिकेतच शिकागो येथे १९४१ साली ‘विल्टन’ या कंपनीची स्थापना झाली. बंदुकीच्या गोळीसारख्या गोल अंगाचा तिचा व्हाइस संग्राहकांना फार प्रिय आहे. त्याचे मळसूत्र आत झाकलेले असल्यामुळे त्यावर धूळ व कीस बसत नाही.

मात्र केवळ नाव पाहून व्हाइस घेऊ नये. सामान्यतः त्याचे अंग बिडाचे असते. बीड मोठा दाब सहन करते, परंतु ताण पडल्यास किंवा जोराचा घाव बसल्यास तडकते. म्हणून जाणता माणूस प्रथम व्हाइस उलटा करून त्याच्या तळाशी व जबड्यांच्या मुळाशी तडा आहे का, ते पाहतो. हलक्या हातोडीने टिचकी मारली असता स्वच्छ नाद उमटला तर बरे. आवाज बद्द आला तर शंका घ्यावी. मग तो दांडा फिरवून मळसूत्राचे आटे शेवटपर्यंत तपासतो. जबडे मिटून त्यांच्या दोन्ही टोकांस कागदाचे कपटे धरतो. दोन्ही घट्ट पकडले गेले, तर जबडे सरळ आहेत असे समजावे. दांडा वाकलेला असेल, तर कोणी तरी त्यावर नळी चढवून अतोनात जोर केला असावा, हेही तो ओळखतो. गंजास तो भीत नाही. त्यास भीती वाटते ती ताज्या, चकचकीत रंगाची. कारण त्याखाली तडा लपलेला असू शकतो.

घरी आणलेल्या व्हाइसला सर्वांत जास्त धोका असतो तो नव्या मालकाच्या उतावळेपणाचा! अनेक वर्षे अडकून बसलेले मळसूत्र एका संध्याकाळी हलत नाही. मग हातोडा उचलला जातो, आणि जे गंजाने मोडले नव्हते ते एका घावाने मोडते. खरा उपाय म्हणजे आट्यांत पातळ तेल सोडावे व वाट पाहावी. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेल सोडावे, दांडा थोडा पुढे, थोडा मागे करावा. कधी यास चार दिवस लागतात, कधी पंधरा. मळसूत्र केसभर हलले की काम निम्मे झाले.

नंतर भाग क्रमाने सुटे करून प्रत्येकाची जागा लिहून ठेवावी. लहान भाग रात्रभर शिर्क्यात बुडविले असता गंज सुटतो. मात्र ते लगेच सोड्याच्या पाण्याने धुऊन, पुरते कोरडे करून तेलाने पुसावे. नाही तर गंज पुन्हा धरतो. जुन्या रंगात शिसे असण्याचा संभव असतो. ते विषारी असल्यामुळे तो रंग कोरडा घासून त्याची धूळ उडवू नये; हे काम मुलांनी करू नये. शेवटी मळसूत्रास वंगण द्यावे.

व्हाइसला किती नवे करावे, याविषयी मात्र एकमत नाही. काहींना तो आरशासारखा लखलखीत हवा असतो. इतरांना वाटते की करवतीचा निसटता ओरखडा, हातांनी गुळगुळीत झालेला दांडा, या त्याच्या आयुष्याच्या खुणा आहेत. त्या पुसू नयेत. पुण्याच्या दिनकर केळकर यांनी दिवे, अडकित्ते यांसारख्या नित्याच्या वस्तू हजारोंनी जमविल्या आणि १९७५ साली तो संग्रह महाराष्ट्र शासनास अर्पण केला. वापरातल्या वस्तूंतही इतिहास असतो, हे त्या संग्रहावरून दिसते. एका गोष्टीवर मात्र दोन मते नसावीत. तडा सांधला असेल, तर विकताना तो सांगितलाच पाहिजे. पुढच्या माणसाची बोटे त्या जबड्याजवळ असणार आहेत.

दुरुस्त झालेला व्हाइस कपाटात ठेवून शोभत नाही. तो बाकाला घट्ट जखडावा आणि त्यात मोडकी कडी, सायकलचा वाकलेला भाग किंवा खेळण्याचे चाक धरावे. जबडे मिटतात, कानस चालू लागते, आणि हिंजवडीतील एखाद्या घरात तो तिसरा हात पुन्हा कामाला लागतो.

अभ्यास

१. व्हाइसला ‘कामगाराचा तिसरा हात’ का म्हटले आहे?
२. घर्षणामुळे व्हाइसचा तोटा कोणता व फायदा कोणता होतो?
३. जाणता माणूस गंजापेक्षा ताज्या रंगास का भितो?
४. जुन्या वस्तूवरील वापराच्या खुणा पुसाव्यात की राखाव्यात? तुमचे मत कारणांसह लिहा.
५. तुमच्या घरातील एखादे जुने हत्यार पाहून त्याची माहिती वडीलधाऱ्यांना विचारा व दहा ओळींत लिहा.