स्टेटस ठेवलं, पण...

वाचन : रोमकरांस पत्र 12:15



सोमवारी, 21 एप्रिलला दुपारी, कॉटन ग्रीन स्टेशनवर असताना पोप फ्रान्सिस गेल्याची बातमी आली. लोकल यायच्या आत माझं स्टेटस तयार होतं. फोटो, हात जोडलेले, झालं! मग आमच्या तरुणांच्या ग्रुपवर कुणीतरी लिहिलं, “ते कॅथलिकांचे, आपले कुठे?” मी गप्प राहिलो. खरं सांगू? मलाही थोडं तसंच वाटत होतं. सरकारने मात्र तीन दिवसांचा दुखवटा जाहीर केला.

संध्याकाळी जिन्यात तळमजल्यावरच्या आंटी भेटल्या. डोळे लाल. म्हणाल्या, “काल ईस्टरला बाल्कनीत दिसले होते रे.” 1986 मध्ये जॉन पॉल दुसरे शिवाजी पार्कला आले होते, तेव्हा त्या गर्दीत होत्या, तेही सांगत राहिल्या. मला ‘सॉरी आंटी’पलीकडे काही सुचेना.

पौल सांगतो, रडणारा असेल त्याच्याबरोबर रडा. तो कोणत्या चर्चचा, हे आधी विचारा असं काही तो म्हणत नाही. आणि ‘बरोबर’ म्हणजे शेजारी बसून.

आज शनिवार, अंत्यविधी आपल्याकडे दुपारी दीडला टीव्हीवर आहे. आंटी घरी एकट्याच असतात. मी खाली चाललोय.