चाकांची पकड

(चाकांचे बूट घालून हॉकी खेळणाऱ्या एका मुलाचे बूट ऐन सामन्यात घसरू लागले. ते का घसरले, आणि साबणाच्या पाण्याने व जुन्या टूथब्रशने काय साधले, याची हकीकत लेखकाने या पाठात सांगितली आहे.)

मुलांनो, सुट्टीच्या दिवशी सकाळी लवकर बाहेर पडलात, तर आपल्या छत्रपती संभाजीनगरात एखाद्या वसाहतीच्या रस्त्यावर किंवा सिमेंटच्या मैदानावर चाकांचे बूट घालून धावणारी मुले तुम्हांला दिसतील. या बुटांना स्केट म्हणतात. काही स्केटना पुढे दोन व मागे दोन अशी गाडीसारखी चार चाके असतात. काहींना चारही चाके एकामागे एक, एका ओळीत असतात. त्यांना इनलाइन स्केट म्हणतात. हे बूट घालून हॉकीसुद्धा खेळतात. एका संघाचे चार खेळाडू आणि एक गोलरक्षक एका वेळी मैदानात असतात.

माझ्या भाच्याला या खेळाचे भारी वेड. तो नववीत आहे. दोन वर्षांची ईदी साठवून त्याने जुने स्केट विकत घेतले. नवे घेण्याइतके पैसे त्याच्याजवळ नव्हते. वसाहतीमागच्या मैदानावर तो रोज संध्याकाळी सराव करी.

एप्रिल महिन्यात शेजारच्या वसाहतीशी सामना ठरला. मी पाहायला गेलो होतो. दोन्ही बाजूंचे दोन दोन गोल झाले होते आणि वेळ संपत आली होती. चेंडू घेऊन समोरचा मुलगा आला. त्याला अडवण्यासाठी माझा भाचा वेगाने वळला, आणि त्याचे दोन्ही पाय बाजूला सरकले. तो हातावर पडला. चेंडू जाळ्यात गेला. मनगट सुजले होते, पण हाड मोडले नव्हते, हे नशीब.

घरी त्याचे अब्बा म्हणाले, "जुने बूट घेतलेस, आता हात मोडून घेशील. पुढच्या रविवारी ते विकून टाक." मुलगा काही बोलला नाही. संध्याकाळी बुटांची पिशवी घेऊन तो माझ्याकडे आला व म्हणाला, "मामू, तुम्ही विज्ञान शिकवता. माझे बूट मैदानावर का टिकत नाहीत, तेवढे सांगा. मग मी विकतो."

मी एक बूट हातात घेतला आणि चाकावरून बोट फिरवले. बोटाला राखेसारखी करडी भुकटी लागली. दुसऱ्या चाकावरही तेच. चाकाचा मूळ रंग निळा होता, हे मला कडेवरून कळले. जिथे चाक जमिनीला टेकते, तिथे ते काळपट आणि गुळगुळीत झाले होते.

तुमच्यापैकी बहुतेकांनी कॅरम खेळला असेल. खेळण्याआधी आपण फळीवर पावडर टाकतो. का टाकतो? सोंगट्या सहज सरकाव्यात म्हणून. पावडरीचे बारीक कण फळी आणि सोंगटी यांच्या मध्ये येतात. मग सोंगटी फळीला नीट चिकटत नाही, कणांवरून घसरत जाते. मैदानावरची धूळ चाकांच्या बाबतीत हेच काम करते. फरक इतकाच, की कॅरममध्ये आपल्याला घसरण हवी असते आणि स्केटवर पकड हवी असते.

स्केटचे चाक लाकडाचे किंवा लोखंडाचे नसते. ते पॉलियुरेथेन नावाच्या पदार्थाचे असते. हा पदार्थ रबरासारखा लवचिक, पण रबरापेक्षा चिवट असतो. शरीराचे वजन पडले, की चाकाचा टेकलेला भाग किंचित दबतो आणि फरशीच्या बारीक उंचसखल पृष्ठभागात रुतून बसतो. यालाच खेळाडू 'पकड' म्हणतात. आता या दोघांच्या मध्ये धुळीचा थर आला, तर चाक फरशीला टेकत नाही, धुळीला टेकते. सरळ जाताना हे कळत नाही. वळताना आणि थांबताना कळते, कारण तेव्हा पाय बाजूला जोर देतो.

आपल्या मराठवाड्यात धुळीला तोटा नाही. येथील खडक काळा आहे. त्याच खडकात वेरूळ आणि अजिंठ्याची लेणी कोरलेली आहेत. त्याची खडी रस्त्यावर पडते, वाहनांखाली तिची भुकटी होते, आणि उन्हाळ्यातील वाऱ्याबरोबर ती सगळीकडे पसरते. चाकाच्या मऊ पृष्ठभागावर ही भुकटी चटकन बसते आणि वजनाने आत दाबली जाते. नुसते फडके मारले, तर वरची धूळ जाते, आत बसलेली जात नाही.

"मग चाके धुऊन काढ," मी भाच्याला सांगितले. इतकेच सांगितले, आणि येथेच माझी चूक झाली.

त्याने रात्री बादलीत साबणाचे पाणी केले, बूट उलटे करून सगळी चाके त्यात बुडवली आणि तो झोपी गेला. सकाळी चाके लख्ख निळी दिसत होती. त्याने आनंदाने बूट वाळत ठेवले. दोन दिवसांनी चाक फिरवले, तर आतून खरखर आवाज येऊ लागला. एक चाक तर फिरेचना. रविवारला तीन दिवस उरले होते.

आम्ही शहागंजजवळ सायकली आणि मोटारसायकली दुरुस्त करणाऱ्या एका उस्तादांकडे गेलो. त्यांनी चाक कानाजवळ नेऊन फिरवले आणि विचारले, "पाण्यात ठेवले होते का?" भाच्याने मान खाली घातली. मीही घातली.

उस्तादांनी षटकोनी किल्लीने आस काढला आणि चाक सुटे केले. प्रत्येक चाकाच्या मध्ये दोन बेअरिंग असतात, एक या बाजूला व एक त्या बाजूला. त्यांच्या मध्ये एक छोटी नळी असते. चाके आठ, म्हणजे बेअरिंग सोळा. स्केटचे बेअरिंग लहानसे असते: बाहेरून २२ मिलिमीटर, आतले भोक ८ मिलिमीटर, जाडी ७ मिलिमीटर. त्याच्या आत पोलादी गोळ्या असतात. त्या गोळ्यांवर चाक फिरते. गोळ्यांना तेलाचा पातळ थर लागतो. साबणाच्या पाण्याने तो थर धुऊन गेला, पाणी आत राहिले आणि गंज चढला.

पाणचक्की तुम्ही पाहिली असेल. तिथे पाणी आले की चाक फिरते. स्केटच्या चाकाचे उलटे आहे. पाणी आत गेले, की त्याचे फिरणे थांबते.

उस्तादांनी वाटीत थोडे रॉकेल घेतले. आधी दुकानात बसलेल्या एका गिऱ्हाइकाला त्यांनी बिडी विझवायला लावली. मग बेअरिंग रॉकेलमध्ये हलवून धुतले, कपड्यावर वाळवले आणि प्रत्येकात शिलाई मशीनच्या तेलाचा एकेक थेंब सोडला. तेरा बेअरिंग वाचले. तीन बदलावे लागले. "हे काम घरी करू नकोस," ते म्हणाले, "आणि रॉकेल फक्त लोखंडाला. चाकाला लावशील, तर चाक खराब होईल. पेट्रोल आणि थिनर यांचेही तेच." भाच्याने विचारले, "खोबरेल तेल चालेल का? आमचे एक मित्र तेच घालतात." उस्ताद हसले. खोबरेल तेल २४ अंशांच्या खाली गोठू लागते. डिसेंबरच्या सकाळी बेअरिंगमध्ये त्याचे मेण होते.

त्या रात्री आम्ही चाके पुन्हा धुतली, पण या वेळी रीतसर. चाके बुटांपासून सुटी केली. कोणते चाक कोठे होते, ते विसरू नये म्हणून कागदावर खडूने बुटाचे चित्र काढून चाके त्यावर मांडली. बेअरिंग काढून एका डबीत ठेवले. मग एका मगात कोमट पाणी घेतले व त्यात भांड्याच्या साबणाचे चारदोन थेंब टाकले. आपल्या शहरात नळाला रोज पाणी येत नाही, हे तुम्हांला सांगायला नको. पण आठ चाकांना एक मग पुरतो. जुन्या टूथब्रशने चाकाचा टेकणारा भाग गोल गोल घासला. पाणी चहासारखे झाले. मग चाके स्वच्छ पाण्यातून काढली, कारण साबणाचा थर राहिला तर तोही घसरतो. शेवटी सुती रुमालाने पुसून सावलीत वाळवली. कडक उन्हात ठेवली नाहीत. पूर्ण कोरडी झाल्यावरच बेअरिंग आत बसवले.

(जाता जाता एक गंमत. साबण, रुमाल, जमीन, मैदान, साफ हे शब्द तुम्हांला उर्दूमुळे आधीच ठाऊक आहेत. 'चाक' शब्दाकडे मात्र लक्ष द्या. उर्दूत चाक म्हटले, की कुंभाराचे चाक किंवा फाटलेला गिरेबान आठवतो. मराठीत बैलगाडीपासून विमानापर्यंत सगळ्यांचीच चाके असतात.)

धुताना आणखी एक गोष्ट लक्षात आली. प्रत्येक चाक एका कडेने जास्त झिजले होते. स्केटवर पाय आतल्या बाजूने जोर देतात, म्हणून आतली कड लवकर झिजते. अशी चाके उलटून बसवावीत, म्हणजे झिजलेली कड बाहेर जाते आणि चांगली कड आत येते. पुढची व मागची चाके एकाच मापाची असतील, तर त्यांची जागाही बदलावी. हॉकीच्या काही स्केटना पुढची दोन चाके लहान व मागची दोन मोठी असतात. त्यांची अदलाबदल करू नये.

चाकाच्या कडेवर आकडे छापलेले असतात. भाच्याच्या चाकावर '७६ मिमी' आणि '८२ ए' असे होते. पहिला आकडा चाकाच्या व्यासाचा. दुसरा कठीणपणाचा. आकडा जितका लहान, तितके चाक मऊ. घरातील गुळगुळीत फरशीवर हॉकी खेळणारे ७२ ते ७८ च्या आसपासची मऊ चाके वापरतात, कारण ती चांगली धरतात. बाहेरच्या खरबरीत सिमेंटवर अशी चाके भराभर झिजतात. तेथे ८० च्या वरची कठीण चाके टिकतात. म्हणजे भाच्याची चाके त्याच्या मैदानासाठी योग्यच होती. दोष धुळीचा होता. चाक फार जुने झाले, की ते आपोआप कठीण आणि चकचकीत होते. मग कितीही धुतले तरी उपयोग होत नाही.

स्केटचा इतिहास मोठा मजेदार आहे. अठराव्या शतकात लंडनमध्ये जॉन जोसेफ मर्लिन नावाचा एक कारागीर होता. आपण बनवलेले चाकांचे बूट घालून, व्हायोलिन वाजवत तो एका मेजवानीत शिरला. त्याला वळता येईना आणि थांबताही येईना. तो थेट एका मोठ्या आरशावर आदळला, असे सांगतात. चार चाकांचे, वळता येईल असे स्केट जेम्स प्लिम्प्टन या अमेरिकन माणसाने १८६३ मध्ये केले. पॉलियुरेथेनची चाके १९७० नंतरच्या काळात आली. १९९२ च्या बार्सिलोना ऑलिंपिकमध्ये चाकांच्या बुटांवरची हॉकी प्रात्यक्षिक खेळ म्हणून खेळली गेली. आपल्या देशानेही या बुटांवर नाव मिळवले आहे. २ ऑक्टोबर २०२३ रोजी चीनमधील हांगझोउ येथील आशियाई स्पर्धेत ३००० मीटर रिले शर्यतीत भारताच्या मुलींनी आणि मुलांनी, दोन्ही संघांनी कांस्यपदक मिळवले. त्या संघातील आनंदकुमार वेलकुमार २०२५ मध्ये १००० मीटरमध्ये जगज्जेता झाला.

रविवार उजाडला. बूट विकायचे की ठेवायचे, हे अब्बा मैदानावर पाहून ठरवणार होते. भाच्याने आधी खराट्याने मैदान झाडले. चाके साफ आणि मैदान घाण असेल, तर पाच मिनिटांत चाके पुन्हा पहिल्यासारखी होतात. त्याची धाकटी बहीण मैदानाच्या कडेला एक ओला व एक कोरडा रुमाल घेऊन बसली. त्याने आधी ओल्यावर आणि मग कोरड्यावर चाके पुसली, कारण चाक ओले राहिले तर तेही निसटते.

तो मैदानाच्या दुसऱ्या टोकापर्यंत गेला, वेगाने परत आला आणि अब्बांच्या समोर पाय आडवा करून वळला. चाके करकरली. तो त्यांच्या चपलेपासून हातभर अंतरावर थांबला.

अब्बांनी खाली वाकून एका चाकावरून बोट फिरवले. मग बोट पाहिले, रुमालाला पुसले, आणि मुलीला विचारले, "तुझ्या मापाचे मिळतात का ग असे?"

स्वाध्याय

१. भाचा सामन्यात का पडला?
२. कॅरमची पावडर आणि मैदानावरची धूळ यांत कोणते साम्य आहे? फरक कोणता?
३. "मीही घातली." लेखकाने मान खाली का घातली?
४. चाके दुसऱ्यांदा धुताना कोणती काळजी घेतली, ते आठ-दहा ओळींत लिहा.
५. उर्दू आणि मराठीत सारखे असलेले पाच शब्द पाठातून शोधा व त्यांचा मराठी वाक्यांत उपयोग करा.
६. तुमच्या सायकलीचे किंवा घरातील एखाद्या यंत्राचे चाक नीट पाहा. ते कशावर फिरते, ते वर्गात सांगा.