थव्यानें राहणाऱ्या लहान माशांची प्रकृतिपरीक्षा

बैलानें वैरणीस तोंड लावलें नाहीं, रवंथ बंद केला किंवा त्याची नाकपुडी कोरडी पडली म्हणजे त्याचें कांहीं तरी बिघडलें आहे, हें आपल्या घरांतील लहान मूलही सांगतें. परंतु हल्लीं कित्येक शेतकरी घरांच्या ओसरीवर माशांची काचेची टाकी येऊन बसली आहे, आणि तींतील बोटभर माशाचें दुखणें ओळखण्याची रीत मात्र घरांत कोणासच ठाऊक नसते. मासा ओरडत नाहीं, लंगडत नाहीं, त्याच्या अंगास हात लावून ताप पाहतां येत नाहीं. तो उलटा तरंगूं लागला म्हणजेच तो आजारी होता असें बहुधा कळतें. म्हणून झेब्रा नांवाच्या माशाचें उदाहरण घेऊन ही परीक्षा कशी करावी, तें येथें सांगण्याचें आम्हीं योजिलें आहे.

हा मासा परका नव्हे. भारत, नेपाळ व बांगलादेश येथील संथ ओढे, डबकीं आणि भातखाचरें हें त्याचें मूळ घर होय. फ्रान्सिस हॅमिल्टन यांनीं गंगेच्या माशांवरील आपल्या ग्रंथांत १८२२ सालीं त्याचें वर्णन केलें. लांबी सुमारें ४ सेंटिमीटर, आणि रुपेरी अंगावर डोक्यापासून शेपटीपर्यंत गेलेले गडद निळे पट्टे, अशी त्याची ओळख आहे. विहिरीचें क्षारयुक्त जड पाणी त्यास सोसतें. निऑन टेट्रा हा दिसावयास अधिक सुंदर खरा, पण तो अमेझॉनच्या खोऱ्यांतील मऊ पाण्याचा रहिवासी. काळ्या जमिनींतील विहिरीच्या पाण्यावर त्यास पोसण्याच्या भरीस नवशिक्यानें पडूं नये, असें आमचें मत आहे.

थव्यानें राहणाऱ्या माशाची प्रकृति एकट्या माशाकडे पाहून कळत नाहीं. ती थव्याकडे पाहून कळते. याकरितां टाकींत निदान सहा मासे असावेत, दहा असल्यास उत्तम. दोन-तीनच ठेवले तर ते कोपऱ्यांत दबून बसतात किंवा एकमेकांस सतावतात, आणि मालक त्यास रोग समजून औषध ओतीत बसतो. रोज सकाळीं उजेड पडून अर्धा तास झाल्यावर टाकीपुढें पांच मिनिटें स्वस्थ बसावें. त्याआधीं पाहूं नये. कारण रात्रीं माशांचे रंग फिके पडतात, आणि निऑनचा निळा पट्टा तर जवळजवळ नाहींसा होतो. झेब्रा मासे पहांटेस अंडीं घालतात, तेव्हां त्या सुमारास चाललेली पाठशिवणी ही प्रकृति चांगली असल्याचीच खूण समजावी.

पहिलें काम हजेरीचें. मासे मोजावेत. एक कमी भरला तर झाडांच्या मुळाशीं, गाळणीच्या मागें व टाकीबाहेर जमिनीवरही शोधावा. झेब्रा उडी चांगली मारतो. मेलेला मासा पाण्यांत कुजत राहिला तर तो इतरांसही घेऊन जातो. हजेरीनंतर चिमूटभर खाद्य टाकावें. निरोगी थवा तत्काळ वर धांवतो. जो येत नाहीं, किंवा येऊन घांस घेतो व थुंकून टाकतो, त्यावर नजर ठेवावी. दोन-तीन मिनिटांत संपेल त्याहून अधिक खाद्य कधींही घालूं नये.

आतां मुख्य गोष्ट. बिघाड सर्वांस एकदम झाला आहे कीं एकट्यास, हें प्रथम ठरवावें. सर्व मासे एकाच वेळीं पृष्ठभागाशीं तोंड लावून हवा गिळीत असतील, सर्वांच्या कल्ल्यांचीं झांकणें भराभर हालत असतील, तर दोष पाण्याचा आहे. थवा नीट पोहत असून एकच मासा पर मिटून बाजूस उभा असेल, तर बहुधा दोष त्या माशाचा आहे. पहिल्या प्रसंगीं औषध घालणें म्हणजे कोंदट खोलींत गुदमरणाऱ्या माणसास काढा पाजण्यासारखें आहे.

पाणी कसें बिघडतें हें शेतकऱ्यास समजावून सांगणें सोपें आहे. शेतांत टाकलेल्या युरियापासून अमोनिया, मग नायट्राइट व शेवटीं नायट्रेट होतें, आणि हें काम जमिनींतील जंतू करतात. टाकींतही माशांच्या विष्ठेवर व उरलेल्या खाद्यावर हाच व्यवहार चालतो. मात्र हे जंतू गाळणींत व वाळूंत पुरेसे वाढण्यास चार ते सहा आठवडे लागतात. तोंपर्यंत अमोनिया व नायट्राइट सांचून मासे मरतात. पाणी जितकें अल्कधर्मी व उष्ण, तितका अमोनिया अधिक घातक. बाजारांत थेंब टाकून रंग पाहण्याच्या परीक्षापेट्या मिळतात. त्यांत या दोहोंपैकीं एकही दिसल्यास पाव टाकी पाणी बदलावें व एक दिवस खाद्य बंद ठेवावें. गाळणीचा स्पंज नळाच्या पाण्यानें धुऊं नये, कारण त्यांतील क्लोरिन त्या जंतूंसच मारतें. टाकींतूनच काढलेल्या पाण्यांत तो पिळावा.

यासंबंधांत आमच्या घरचा एक प्रसंग सांगणें अवश्य वाटतें. एका सायंकाळीं पाणी बदलल्यावर तासाभरांत आमचे चौदा मासे वेडेवांकडे धांवूं लागले, गिरक्या घेऊन तळाशीं पडले व सकाळपर्यंत सर्व गेले. पाणी त्याच विहिरीचें होतें. चौकशी करतां समजलें कीं, ज्या बादलींत आदल्या आठवड्यांत कपाशीवरील फवारणीचें औषध कालविलें होतें, तीच बादली तीनदां विसळून वापरली होती. सायपरमेथ्रिनसारखीं औषधें माणसास व गुरांस तुलनेनें कमी बाधतात. माशास मात्र त्यांचा लेशही पुरतो. टाकीसाठीं बादली, नळी व पेला हीं निराळीं ठेवावींत, आणि फवारणी करून आलेल्या माणसानें त्या दिवशीं टाकीस हात लावूं नये.

आतां एकट्या माशाचीं लक्षणें. अंगावर व परांवर रव्याचे कण चिकटल्यासारखे पांढरे ठिपके दिसूं लागले व मासा दगडावर वारंवार अंग घांसूं लागला, तर तो ठिपक्यांचा रोग होय. तो एकापासून सुरू होऊन आठवड्यांत थवाभर पसरतो. म्हणून येथें उपाय सबंध टाकीवरच केला पाहिजे. यांतील परोपजीवी वाढला म्हणजे माशास सोडून तळाशीं जातो, तेथें त्याचीं शेंकडों पिलें होतात व तीं नवा मासा शोधीत पोहतात. औषध लागू पडतें तें केवळ या पोहणाऱ्या पिलांस. अंडीं वांचतात म्हणून आपण किडीवर दुसरी फवारणी करतों, त्याच न्यायानें ठिपके दिसेनासे झाले तरी उपचार थांबवूं नये. दर लिटरास २ ते ३ ग्रॅम खडेमीठ वेगळ्या पाण्यांत विरघळवून, एक दिवसाच्या अवधींत थोडें थोडें घालावें व दहा ते चौदा दिवस तसेंच ठेवावें. नाजूक पाणवनस्पति यानें मरतात. त्या आधींच काढून घ्याव्या.

मादीचें पोट गोल असणें स्वाभाविक आहे. पण पोट फुगून खवले सीताफळाच्या डोळ्यांप्रमाणें उभे राहिले, तर तो मासा सहसा वांचत नाहीं. तसेंच खाऊनही पोट खपाटीस जाणें, पाठ धारेसारखी होणें किंवा कणा वांकणें हीं लक्षणें बऱ्या न होणाऱ्या रोगांचीं असूं शकतात. असा मासा तत्काळ वेगळा करावा. यांपैकीं माशांच्या क्षयाचे जंतू माणसाच्या जखमेंतून शिरून त्वचेवर महिनोन् महिने न भरणारा फोड उत्पन्न करतात. विळ्याचा ताजा वार असलेला हात टाकींत घालूं नये, आणि असा फोड आल्यास वैद्यास टाकीचा उल्लेख अवश्य करावा.

विकत आणलेला नवा मासा तीन आठवडे दुसऱ्या भांड्यांत ठेवून मगच थव्यांत सोडावा. मेलेला वा रोगी मासा ओढ्यांत, विहिरींत किंवा शेततळ्यांत टाकूं नये, आणि टाकीचें काढलेलें पाणीही तेथें ओतूं नये. मासा खोल पुरावा. पाणी परसांतील झाडांस घालावें, परंतु मीठ घातलेलें असेल तर तेंही नाहीं.