नामांतराचे कागद: काय करावे, काय टाळावे

27 जुलै 1978 रोजी विधिमंडळाच्या दोन्ही सभागृहांनी मराठवाडा विद्यापीठाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे नाव देण्याचा ठराव केला, आणि लगोलग मराठवाड्यातल्या गावोगावच्या दलित वस्त्यांवर हल्ले सुरू झाले. ‘मराठवाडा’ हे नाव कायम ठेवून नामविस्तार झाला 14 जानेवारी 1994 ला. ठराव आणि राजपत्र सरकारी दप्तरात आहेत, त्यांची काळजी नको. मधल्या साडेपंधरा वर्षांचा खरा दस्तऐवज मात्र घरोघरच्या पत्र्याच्या पेट्यांत आहे. 1978 साली विशीत असलेली मुले आता सत्तरीकडे झुकली आहेत. माणूस गेला की पेटी नातवंडांच्या हाती जाते, आणि घर आवरताना ती बहुतेक वेळा रद्दीवाल्याकडे जाते. विद्यापीठात, महाविद्यालयाच्या ग्रंथालयात किंवा गावातल्या बुद्धविहारात असा संग्रह उभा करणाऱ्यांसाठी ही यादी आहे.

गोळा करताना

करावे: आधी पेटीकडे जावे, मग कपाटाकडे. पत्रके, पावत्या, तुरुंगातून सुटल्याचे दाखले, पोस्टकार्डे, वर ‘जय भीम’ छापलेल्या लग्नपत्रिका, बिल्ले, कॅसेटी हे सगळे घ्यावे. पोस्टकार्ड पाकिटात घालून टिकवावे, कारण मजकुरात तारीख नसली तरी टपालाच्या शिक्क्यात असते.

करावे: विद्यापीठाच्या आणि महाविद्यालयांच्या कागदांत साध्या रजिस्टरांपासून सुरुवात करावी. कार्यकारी परिषदेची इतिवृत्ते कोणीतरी जपतेच. नागसेनवनातल्या वसतिगृहांची हजेरी, खानावळीचे हिशेब, भारत सरकार शिष्यवृत्तीच्या याद्या कोणी जपत नाही. खेड्यातून पहिल्यांदाच कॉलेजात आलेली पिढी याच वह्यांत आहे. ऑगस्ट 1978 मध्ये कोणत्या खोलीतला मुलगा गावी गेला आणि परत कधी आला, हे इतिवृत्तात नाही, हजेरीत सापडू शकते. सरकारी कार्यालयांत जपायच्या मुदतीनुसार कागदांचे अ, ब, क, क-1, ड असे वर्ग पाडतात. ‘अ’ वर्गातला कागद कायम राहतो आणि ‘ड’ वर्गातला वर्षभरात नष्ट करायला मोकळा होतो. रोजची कामचलाऊ कागदपत्रे बहुधा खालच्या वर्गांतच पडतात. म्हणून अभिलेख कक्षातून गठ्ठे बाहेर काढण्याची नोटीस लागली की त्याच आठवड्यात लेखी अर्ज द्यावा.

टाळावे: एका घरातून आलेला गठ्ठा फोडून ‘पत्रके’, ‘फोटो’, ‘पत्रे’ असे ढीग करू नयेत. अटकेच्या चिठ्ठीशेजारी बियाण्याची पावती आणि मुलीच्या शाळेचा दाखला असेल, तर त्या माणसाचे ते वर्ष तसेच होते. यादी विषयवार करावी. कागद मात्र ज्या क्रमाने आला त्याच क्रमाने ठेवावा.

टाळावे: फक्त आपल्या बाजूचे कागद घेऊ नयेत. हे जड जाते, पण करावेच लागते. हैदराबाद मुक्तिसंग्रामातले नेते गोविंदभाई श्रॉफ आणि दैनिक ‘मराठवाडा’चे संपादक अनंत भालेराव नामांतराच्या विरोधात होते. त्यांनी प्रादेशिक अस्मितेचा मुद्दा मांडला. तो मुद्दा गावात पोहोचेपर्यंत त्याचे काय झाले, हे पाहायचे तर विरोधातली पत्रके, अग्रलेख, बंदची निवेदनेही संग्रहात हवीत. शिवीगाळ असलेले पत्रकही ठेवावे. पाहणाऱ्याला आधी कल्पना द्यावी, पण फाडू नये.

तारीख लावताना

पत्रकांवर बहुधा ‘दि. 6 डिसेंबर’ एवढेच असते, साल नसते. साल काढायची सर्वांत भरवशाची जागा म्हणजे अगदी तळाची बारीक ओळ, छापखान्याचे नाव. 1867 च्या कायद्याने छापलेल्या प्रत्येक कागदावर मुद्रकाचे नाव आणि गाव देणे बंधनकारक होते. छापखाना कोणत्या गल्लीत होता, कधी बंद पडला, हे जुने कंपोझिटर सांगतात. त्यानंतर दूरध्वनी क्रमांकाचे आकडे मोजावेत, सभेतल्या वक्त्यांची पदे पाहावीत. ‘आमदार’ लिहिले असेल तर ते कधी आमदार होते हे शोधता येते.

टाळावे: स्कॅन करताना कडा कापू नयेत. ‘स्वच्छ’ दिसण्यासाठी तळाचा अर्धा इंच कापला की छापखान्याची ओळ जाते आणि तिच्याबरोबर सालही.

टाळावे: नावे आजची लावू नयेत. 1982 च्या पत्रकावर ‘मराठवाडा विद्यापीठ, औरंगाबाद’ असेल तर यादीत तेच लिहावे. शोधणाऱ्याला सापडावे म्हणून शेजारच्या रकान्यात ‘डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठ, छत्रपती संभाजीनगर’ द्यावे. नाव काय असावे याच्यासाठीच तर हा लढा होता. कोणत्या दिवशी कोण काय नाव लिहीत होते, हाच इथला पुरावा आहे.

कागद हाताळताना

करावे: गंजलेल्या टाचण्या आणि स्टेपल हळूच काढाव्यात. बांधायला सुती नाडी वापरावी. गुंडाळायला न रंगवलेले मांजरपाट उत्तम. दप्तराचे लाल कापड पावसाळ्यात ओले झाले तर रंग सोडते आणि वरचे चार कागद गुलाबी होतात.

करावे: वर्तमानपत्रांची कात्रणे वेगळी ठेवावीत. त्या कागदातले आम्ल शेजारच्या चांगल्या कागदालाही पिवळे करते.

करावे: कॅसेट हातात आली की वाजवण्याआधी तिच्या मागच्या कडेवरच्या दोन छोट्या प्लॅस्टिकच्या जिभा पाहाव्यात. शाबूत असतील तर मोडून टाकाव्यात. मग चुकून रेकॉर्डचे बटण दाबले गेले तरी भाषणावर दुसरे काही भरले जात नाही. पट्टीवर पांढरी बुरशी दिसली तर घरच्या टेपरेकॉर्डरमध्ये घालूच नये.

करावे: सभेच्या फोटोची झेरॉक्स काढून तिच्यावर एकेका डोक्याला क्रमांक द्यावा आणि ती प्रत घेऊन चार वयस्क माणसांकडे वेगवेगळे जावे. एकत्र बसवले तर पहिल्याने सांगितलेले नाव बाकीचे मान्य करतात. मूळ फोटोच्या मागे लिहायचेच झाले तर मऊ शिसपेन्सिलीने कडेला, बॉलपेनने कधीच नाही.

टाळावे: लॅमिनेशन. पत्रक टिकावे या प्रेमापोटी लोक ते करून आणतात, पण उष्णतेने चिकटलेले प्लॅस्टिक पुन्हा निघत नाही आणि कागद आतल्या आत ठिसूळ होतो. चिकटपट्टीचेही तेच. डांबराच्या गोळ्याही नकोत, त्यांची वाफ वाचणाऱ्याच्या छातीला त्रास देते. त्याऐवजी कपाट भिंतीपासून हातभर पुढे आणि जमिनीपासून वर ठेवावे. वाळवी जमिनीतून आणि भिंतीतून येते.

टाळावे: व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून आलेल्या प्रतीवर समाधान मानू नये. तिथे आकार दाबला जातो आणि बारीक अक्षर पुसट होते. ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवायला सांगावे, किंवा स्वतः जाऊन स्कॅन करावे.

माणसांशी बोलताना

इथे घाई केली तर माणूसच दुखावतो, म्हणून हा भाग मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो.

करावे: संमती मराठीत, सोप्या शब्दांत, वाचून दाखवून घ्यावी. नाव उघड करायचे का, आवाज कोणी ऐकावा, कोणता भाग किती वर्षे बंद ठेवावा, हे सांगणाऱ्याने ठरवावे. ध्वनिमुद्रणाची प्रत त्यांना द्यावी आणि ऐकून काही गाळायचे असेल तर गाळू द्यावे.

करावे: रस्ता, भाकरी, कपडे, पैसे यांपासून सुरुवात करावी. नोव्हेंबर 1979 मध्ये प्रा. जोगेंद्र कवाडे यांच्या नेतृत्वाखाली नामांतरासाठी दीक्षाभूमीवरून निघालेल्या लाँग मार्चमध्ये तुम्ही होता का, असे विचारले तर उत्तर ‘हो’ येते आणि बोलणे तिथेच संपते. त्यापेक्षा पायात काय होते, रात्री कुठल्या गावात झोपलात, वाटेतल्या खडकपूर्णा नदीच्या पुलाशी आलात तेव्हा तुमच्या पुढे किती रांगा होत्या, असे विचारावे.

करावे: घरातल्या बाईशी स्वतंत्र बसावे. वस्ती सोडताना काय उचलले, लेकरे कुठे झोपवली, परत आल्यावर चूल कशी पेटवली, हे पुरुषांच्या मुलाखतीत क्वचितच येते. मावशी आधी म्हणतील, ‘मला काय कळतंय, ह्यांनाच इचारा.’ तरी थांबावे. चहा झाल्यावर त्या बोलतात.

टाळावे: गावातल्या चावडीवर किंवा कोणा पुढाऱ्याच्या ओसरीवर मुलाखत घेऊ नये. ज्यांनी घरे जाळली आणि ज्यांची जळली, ती कुटुंबे आजही एकाच गावात राहतात, एकाच दुकानात किराणा घेतात. हयात व्यक्तीवर आरोप असलेला भाग लगेच खुला करू नये. तारीख ठरवून मोहोरबंद ठेवावा आणि ती तारीख यादीत लिहावी.

टाळावे: शहिदांच्या दोन याद्या जुळवून तिसरी ‘बरोबर’ यादी करू नये. टेंभुर्णीचे पोचिराम कांबळे, नोव्हेंबर 1993 मध्ये नांदेडला आत्मदहन केलेले गौतम वाघमारे ही नावे सर्वांना ठाऊक आहेत. पण बाकीच्या नावांत, गावांत, आडनावांच्या लेखनात फरक आढळतो. प्रत्येक यादी कोणी, कधी, कुठे काढली हे टिपून जशीच्या तशी ठेवावी. पुढचा अभ्यासक एफआयआर, पंचनामे आणि न्यायालयातल्या नकलांशी ताडून पाहील. त्या नकलांसाठी अर्ज आजच करावा, जुन्या फायली न्यायालयेही मुदतीनंतर नष्ट करतात.

स्वीकारताना आणि उघडताना

करावे: मूळ कागद घ्यायलाच हवा असे नाही. कुटुंबाला पेटी घरात हवी असेल तर स्कॅन करून परत द्यावी आणि जपायचे कसे ते समजावून यावे. मूळ कागद घेतला तर पावती द्यावी. नगांची संख्या आणि दोन्ही बाजूंच्या सह्या तिच्यावर हव्यात.

करावे: स्कॅनच्या तीन प्रती ठेवाव्यात, त्यांतली एक दुसऱ्या गावात.

करावे: 14 जानेवारीला विद्यापीठाच्या गेटवर माणसांची रीघ लागते. त्या दिवशी तिथे टेबल मांडावे. एखादा फोटो मोठा करून लावावा आणि खाली लिहावे, ‘यातले कोणी ओळखता का?’ आणि त्या दिवशी गेटवर वाटली जाणारी पत्रके, कॅलेंडरे, स्टॉलवरच्या पुस्तिकाही एकेक प्रत उचलून ठेवाव्यात.

टाळावे: ‘संस्था बंद पडली तर?’ हा प्रश्न करारात मोकळा सोडू नये. विश्वस्त भांडतात, जागा विकली जाते, कुलगुरू बदलतात. तेव्हा हे कागद कोणाकडे जातील, कुटुंबाला आधी किती दिवस कळवले जाईल, वाहतुकीचा खर्च कोण करील, हे पहिल्या दिवशीच लिहून घ्यावे आणि कराराची एक प्रत देणाऱ्याच्या पेटीत ठेवावी.