लाल मुनिया

विद्यार्थ्यांनो, उर्दूत ज्या चिमुकल्या पक्ष्याला ‘लाल’ म्हणतात, तीच मराठीतील लाल मुनिया. तिची लांबी सुमारे 10 सेंटिमीटर असते. गवताळ, ओलसर जागी ती थव्याने राहते. तिची आखूड, जाड चोच गवताचे बी फोडण्यास सोयीची असते.

पावसाळ्यात नर गडद लाल होतो. त्याच्या अंगावर पांढरे ठिपके दिसतात. विणीचा हंगाम संपला, की तो मादीसारखा तपकिरी होतो. मग तिला कसे ओळखाल? शेपटीच्या मुळाशी पाहा. तेथील लाल रंग नर आणि मादी दोघांतही कायम राहतो.

शास्त्रज्ञ लिनियस याने 1758 साली तिला फिंच पक्ष्यांच्या प्रजातीत ठेवले. फिंच वाटीसारखे घरटे बांधतात. मुनियेचे घरटे गवताचे व चेंडूसारखे गोल असते. आज मुनियांचे कुळ वेगळे मानतात. तिच्या शास्त्रीय नावातील ‘अमंडावा’ हा शब्द अहमदाबादवरून आला. पूर्वी तेथून हे पक्षी परदेशी पाठवत.

सुंदर रंगामुळेच ती जाळ्यात सापडते. वन्यजीव संरक्षण कायदा, 1972 प्रमाणे तिला पकडणे व विकणे गुन्हा आहे. म्हणून तिला ओळखा, पण पिंजऱ्यात ठेवू नका.

प्रश्न : केवळ रंगावरून लाल मुनिया ओळखणे कठीण का आहे?