हेमकुंडाची वाट

रात्रीचा वर्ग सुटला. वह्या-पुस्तकं आवरून मंडळी घरोघर निघाली. आबा मात्र बसून राहिले. त्यांच्या हातात यात्रेचा छापील कागद होता.

"बाई, एवढं वाचून सांगता का? थोडं मला आलं. पुढं अडलं."

"तुम्हीच वाचा, आबा. अडेल तिथं मी आहे."

आबांनी बोट ठेवून वाचलं, "हे-म-कुं-ड. ग-ढ-वा-ल..."

"बरोबर! उत्तराखंडात, हिमालयात, हेमकुंड नावाचं तळं आहे. तुम्ही तिकडे निघालात की काय?"

"व्हय. शेजारचे सरदारजी जथा घेऊन चाललेत. आम्ही दोघं नवराबायको बी जातोय. नवस हाये माझा."

आबांचं गाव नांदेडजवळ. गुरू गोविंदसिंगांचा अंत १७०८ साली नांदेडला झाला. तिथला हुजूर साहिब गुरुद्वारा आबांच्या ओळखीचा. गुरूंनी मागच्या जन्मी हेमकुंडाच्या काठी तप केलं, अशी शीख लोकांची श्रद्धा आहे. म्हणून तळ्याकाठी गुरुद्वारा आहे. जवळच लक्ष्मणाचं देऊळही आहे.

"कधी निघणार?" बाईंनी विचारलं.

"सप्टेंबर संपता संपता."

बाई गंभीर झाल्या. "म्हणजे ऐन शरद ऋतूत. मी त्याच दिवसांत गेले होते. आकाश निळंभोर असतं. पावसाळ्यातली चिखलराड कमी झालेली असते. गर्दीही कमी. पण त्या दिवसांत वाटेचा स्वभाव वेगळा असतो. तो समजून घेऊन जा."

"बाई, पाय मजबूत हाईत माझे. पंढरीची वारी चालतो की मी!"

"वारीत पाय चालतात, आबा. इथं छातीही चालावी लागते. ऐका."

वाट कशी आहे?

बद्रीनाथच्या रस्त्यावर गोविंदघाट लागतं. तिथून पुलना गावापर्यंत गाडी जाते. पुढं घांघरियापर्यंत नऊ-दहा किलोमीटर चाल आहे. घांघरिया सुमारे ३,००० मीटर उंचीवर आहे. मुक्काम तिथंच करायचा. वर हेमकुंडाला रात्री कोणालाच राहता येत नाही. सकाळी चढायचं, दर्शन घ्यायचं, लंगरात चहा-खिचडी घ्यायची आणि दुपारीच उतरायला लागायचं.

घांघरियाहून हेमकुंड फक्त सहा किलोमीटर. पण ही सहा किलोमीटर उभ्या चढाची. तळं ४,३०० मीटरांपेक्षा उंच आहे. आपलं कळसूबाईचं शिखर महाराष्ट्रात सर्वांत उंच. त्याची उंची १,६४६ मीटर. म्हणजे अडीच कळसूबाई एकावर एक ठेवल्या, तरी तळं त्याहून उंच!

हवा विरळ होते

इतक्या उंचावर हवा विरळ असते. इथं एका श्वासात जेवढा प्राणवायू मिळतो, तेवढा तिथं मिळत नाही. साधारण तीन भागांतले दोनच भाग मिळतात, कधी त्याहूनही कमी. म्हणून चार पावलं टाकली की धाप लागते. धडधाकट तरुणालाही लागते. त्यात लाज नाही.

शरीराला या हवेची सवय व्हायला वेळ लागतो. म्हणून घांघरियाला पोचल्याबरोबर दुसऱ्याच दिवशी वर धावू नये. मध्ये एक दिवस थांबावं. जवळच फुलांचं खोरं आहे. तिकडे थोडं फिरून यावं. ते खोरं ३१ ऑक्टोबरपर्यंत उघडं असतं. शरदात फुलं थोडीच उरतात, पण गवत सोन्यासारखं पिवळं झालेलं असतं.

सकाळचा बर्फ, दुपारचा ढग

"बर्फ तर हिवाळ्यात पडतो ना?" आबांनी विचारलं.

"मोठा बर्फ हिवाळ्यात. पण शरदात दुसरा एक बर्फ असतो. तो डोळ्यांना दिसत नाही."

डोंगरातून झिरपणारं पाणी वाटेवर येतं. दिवसा ते वाहतं. रात्री कडाक्याची थंडी पडते आणि ते दगडांवर गोठतं. त्याचा पातळ, काचेसारखा थर होतो. वाटतं की दगड नुसता ओला आहे. पाय ठेवला की माणूस आडवा! शेवटी हजारभर पायऱ्या आहेत. तिथं सकाळी फार जपावं. ज्यांना पायऱ्या झेपत नाहीत, त्यांनी वळणावळणाची लांब वाट धरावी.

उंची हजार मीटर वाढली की थंडी सहा-सात अंशांनी वाढते. घांघरियाला सकाळी हात गारठतात, तेव्हा वर पाणी गोठलेलं असतं. दुपारनंतर ढग चढतात. ऊन गेलं की क्षणात गारठा. ऑक्टोबरच्या सुरुवातीला कधी कधी ताजं हिमही पडतं. मग वाट झाकली जाते. म्हणूनच ऑक्टोबरच्या १० तारखेच्या सुमारास यात्रा बंद करतात. नक्की तारीख दर वर्षी जाहीर होते. ती आधी पाहून घ्यावी.

खेचरांची वाट

वाटेवर खेचरं सतत ये-जा करतात. खेचर आलं की डोंगराच्या बाजूला उभं राहावं. दरीच्या बाजूला कधीही उभं राहू नये. ओझ्याचा धक्का लागला तर तोल जातो.

परत फिरायला शिका

आबा म्हणाले, "हे समदं ध्यानात ठेवीन. पण बाई, नवस केलाय. वर पोचल्याबिगर मी माघारी येणार न्हाई."

बाई क्षणभर गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, "माझे थोरले दीर असंच म्हणाले होते."

"मंग?"

"आम्ही अर्ध्याहून जास्त चढलो होतो. त्यांचं डोकं ठणकायला लागलं. ते बोलले नाहीत. पुढं उलटी झाली. तरी म्हणाले, 'आता एवढंसंच राहिलंय.' मग त्यांचे पाय दारू प्यायल्यासारखे पडायला लागले. एका खेचरवाल्यानं ते पाहिलं. तो म्हणाला, 'बाबूजीला आत्ता खाली न्या. बसवून ठेवू नका.' दीर रागावले, रडले. पण आम्ही ऐकलं नाही. त्यांना खेचरावर बसवून घांघरियाला आणलं. दुसऱ्या दिवशी आणखी खाली नेलं. डोकं हलकं झालं, अन्न गोड लागलं. दर्शन राहिलं, आबा. पण माणूस वाचला."

उंचीच्या आजाराला खाली उतरणं हाच खरा उपाय आहे. डोकं दुखतं, मळमळतं, चक्कर येते, तेव्हा आणखी वर जाऊ नये. बसल्या जागीही धाप लागली, तोल गेला, बोलणं असंबद्ध झालं, किंवा खोकल्यातून फेस आला, तर जिवाला धोका आहे. एक मिनिटही न दवडता खाली न्यावं. एकट्याला पाठवू नये. आणि ज्यांना हृदयाचा किंवा दम्याचा आजार आहे, रक्तदाब आहे, त्यांनी घरून निघण्याआधीच डॉक्टरला विचारावं.

आबा बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "म्हातारी माझ्यासंगं हाये. ती कधी सांगायची न्हाई डोकं दुखतंय म्हणून."

"मग तुम्ही विचारत राहा. दर वळणावर विचारा."

आबांनी वही उघडली. बाई शब्द सांगत गेल्या. आबांनी स्वतःच्या हातानं लिहिलं:

१. घांघरियाला एक दिवस थांबायचं.
२. चप्पल नको. खाचांच्या तळाचे बूट, लोकरी कपडे आणि हातात काठी हवी.
३. ओल्या दगडावर जपून पाय ठेवायचा.
४. पाणी पीत, सावकाश चालायचं.
५. दुपारी उतरायला लागायचं.
६. डोकं दुखलं तर सांगायचं. वाढलं तर माघारी.

शेवटी आबांनी आपण होऊन आणखी एक ओळ लिहिली: तळं पुढच्या वर्षी बी तिथंच असतंय.

बाईंनी ती वाचली आणि म्हणाल्या, "ही ओळ आजींनाही वाचून दाखवा."

प्रश्न

१. हेमकुंडाला यात्रेकरू रात्री का राहत नाहीत? ते मुक्काम कुठं करतात?
२. शरद ऋतूत सकाळी दगडावर पाय का घसरतो?
३. खेचर समोरून आलं तर कोणत्या बाजूला उभं राहाल?
४. तुमच्या सोबतच्या माणसाचं डोकं दुखू लागलं, आणि तो 'थोडंच राहिलंय' म्हणाला, तर तुम्ही काय कराल? चार ओळी लिहा.